इंग्रजी हायकूतले ते सतरा नेमके कसले?

हायकू म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता, पण शाळेतून पोट्टे "हायकू म्हणजे पाच-सात-पाच", ओळींची मोजणी, एकूण सतरा, एवढंच पाठ करून येतात, आणि इंग्रजीत हायकू लिहायला बसवलं की कविता राहते बाजूला, सगळे बोटं मोजत बसतात. आमच्या तालुक्यात दर महिन्याला आठ-दहा जण जमतो, त्यात दोन मास्तर, एक कृषी केंद्रवाला, बाकी कॉलेजची पोरंपोरी, आणि दर वेळी भांडण याच आकड्यावरून. म्हणून ही पार्श्वभूमी त्या आकड्याचीच जास्त आहे, बाशोची ती तळं आणि बेडकाची कविता सगळ्यांना ठाऊक आहे ते सोडून देतो.

जुनं थोडक्यात. जपानी साखळी कवितेचं पहिलं कडवं म्हणजे होक्कू, ते सुटं झालं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हायकू हे नाव पक्कं झालं. इंग्रजीत १९१३ च्या सुमारास काही कवींनी त्याची चव घेतली, पण खरी लागण महायुद्धानंतरची. १९४९ ते १९५२ मध्ये चार खंडांत भाषांतरं आली, १९६३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून नुसत्या इंग्रजी हायकूचं नियतकालिक सुरू झालं, १९६८ मध्ये न्यूयॉर्कात हायकूची संस्था उभी राहिली. मराठीत हायकू त्यानंतर रुजला, आणि आपल्याकडे तीनपैकी दोन ओळींचं यमक जुळवायची रीत पडली. इंग्रजीवाले यमक बहुतेक टाळतातच. मराठी हायकूवर हात बसलेला माणूस इंग्रजीत गेला की पहिली ठेच इथंच लागते.

आता मोजणीचा घोळ. जपानीत जे सतरा मोजतात त्याला 'ओन' म्हणतात, आणि ते इंग्रजीतलं सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारायचा शब्दाचा तुकडा, नव्हे. हायकू हाच शब्द घ्या, जपानी कानाला हा-इ-कु असे तीन ओन, इंग्रजीत दोनच सिलेबल. टोकियो म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, चार. निप्पोन म्हणजे जपानच, त्यातला अर्धा प आणि शेवटचा न वेगवेगळे मोजतात, म्हणजे तेही चार. लांब स्वर दोन धरायचा हे आपल्या मात्रेच्या जवळचं आहे, पण हुबेहूब मात्राही नाही. त्यात इंग्रजी पुस्तकांनी वर्षानुवर्षं 'ओन्जी' असा शब्द चालवला, जो खुद्द जपानात कधीचा वापरातून गेलेला. १९७३ साली न्यूयॉर्कातल्या त्याच संस्थेनं हायकूची अधिकृत व्याख्या ठरवली, २००४ मध्ये ती दुरुस्त झाली, आणि आता इंग्रजीत सतराची सक्ती नाही हे जवळपास सगळे गंभीर संपादक मानतात. सतरा इंग्रजी सिलेबलात जपानी सतरापेक्षा बराच जास्त माल मावतो, म्हणून दहा-बारा-चौदा पुरतात. माझ्या मते हे पन्नास वर्षं आधीच शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे होतं. काही जण अजून पाच-सात-पाचच लिहितात, चांगलंही लिहितात, पण ती त्यांची निवड.

आमच्याकडे आणखी एक गंमत. ऑरेंज आपण देवनागरीत लिहितो तेव्हा तीन अक्षरं दिसतात, सिलेबल दोन. कॉटनचंही तसंच. आणि बोलताना स्कूलचं इस्कूल झालं की एकाचे दोन! एका स्पर्धेत आमच्या पोरीचा हायकू "दुसऱ्या ओळीत अक्षरं जास्त" म्हणून परत आला, मोजणाऱ्याने बहुतेक देवनागरी अक्षरंच मोजली होती.

तिचाच पहिला खर्डा सांगतो, कापसाच्या जिनिंगसमोर लागलेल्या गाड्यांवरचा:

द ओल्ड बुलक कार्ट
इज स्लोली कॅरिइंग व्हाइट
कॉटन टू मार्केट

मोजून बरोब्बर पाच-सात-पाच, आणि हायकू म्हणून बिलकुल नाही, एक वाक्य तीन ठिकाणी मोडलंय बस. 'ओल्ड', 'स्लोली', 'व्हाइट' हे तिन्ही नुसते भरतीचे, कापूस पांढरा असतो हे यवतमाळच्या माणसाला सांगायचं काय? दोन बैठकी घासल्यावर उरलं ते असं:

कॉटन कार्ट
द बॉय ऑन टॉप
अस्लीप

नऊ सिलेबल. पहिल्या ओळीनंतर जी थोडी फट पडते तीच खरी मोलाची. जपानीत तिच्यासाठी 'या', 'काना' असे किरेजी शब्द आहेत, इंग्रजीवाले डॅश टाकतात नाहीतर ओळ तोडून मोकळे होतात. वऱ्हाडीत आपण "पाणी आलं ना गा" म्हणतो त्यातला 'गा' मला या कामाचा वाटतो, पण इंग्रजीत तो न्यायचा कसा.

ऋतूचा शब्द म्हणजे किगो, त्याची जपान्यांकडे जाडजूड कोशच्या कोश भरून यादी असते, आपल्याकडे नक्षत्रं आहेत, मृग-आर्द्रा शेतकऱ्याच्या तोंडीच असतात, संत्र्याचेसुद्धा आंबिया बहार अन् मृग बहार. तरी पोरं चेरी ब्लॉसम लिहितात, दारासमोर पळस पेटलेला असताना.

बैठकीची पद्धत आम्ही जपानी कुकाईवरून उचलली, चिठ्ठीवर नाव नाही, सगळ्या चिठ्ठ्या मिसळायच्या, मग मतं, आणि नाव शेवटी फोडायचं, म्हणजे मास्तरांचीही भीड राहत नाही. मागच्या मे महिन्यात एका चिठ्ठीवर 'नवतपा', म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तसाच लिहिलेला, खाली सावलीबरोबर सरकणारं कुत्रं. अर्धे म्हणाले हीट वेव्ह करा, परदेशातल्याला काय कळणार. कृषी केंद्रवाला म्हणाला मग चेरी ब्लॉसम तुले कुठं दिसलं होतं रे, तरी कळलंच ना. मत घेतलं, एका मतानं नवतपा राहिला. चिठ्ठी त्याचीच निघाली.