शुक्राणूंना सांभाळणारा द्रव: शोधाची पार्श्वभूमी

वीर्यतपासणीचा अहवाल हाती आला की नजर आधी शुक्राणूंच्या आकड्याकडे जाते. पण वृषणांकडून येणारा, शुक्राणू असलेला भाग वीर्यात जेमतेम 2 ते 5 टक्के असतो. साधारण 65 ते 70 टक्के द्रव शुक्राशयांचा, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन पिशवीसारख्या ग्रंथींचा, 20 ते 30 टक्के पुरःस्थ ग्रंथीचा म्हणजे प्रोस्टेटचा, आणि थोडे थेंब काउपर ग्रंथींचे. एवढा सगळा द्रव कशासाठी, हे उलगडायला जवळपास तीनशे वर्षं लागली.

1677 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. योहान हाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे नमुना आणला होता. ते वळवळणारे जीव त्याला छोटे प्राणीच वाटले. आपल्याकडचा ‘शुक्रजंतू’ हा शब्द अजून तीच समजूत बाळगून आहे. ग्रंथींची ओळखही याच काळात होत होती. मूत्रमार्गाजवळच्या दोन लहान ग्रंथींचं वर्णन फ्रान्समध्ये ज्याँ मेरी या शरीरशास्त्रज्ञाने 1684 मध्येच केलं होतं, पण नाव लागलं ते 1699 मध्ये लिहिणाऱ्या इंग्लंडच्या विल्यम काउपरचं.

मग प्रश्न आला, गर्भ राहतो तो शुक्राणूंमुळे की द्रवामुळे? इटलीच्या लाझारो स्पालान्झानीने नर बेडकांना घट्ट चड्ड्या घालून पाहिल्या, तेव्हा अंडी फळली नाहीत. त्याने वीर्य कागदातून गाळलं. खाली आलेल्या द्रवाची ताकद कमी झाली, आणि कागदावर उरलेलं पाण्यात कालवल्यावर अंडी फळली. उत्तर हातात होतं, तरी त्याने श्रेय द्रवालाच दिलं. शुक्राणू त्याला परजीवी वाटत. इतका काटेकोर प्रयोगकर्ता स्वतःच्याच पुराव्यापाशी अडखळला, याची मला फार हळहळ वाटते. 1824 मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी जिनिव्हात तसेच प्रयोग केले आणि शुक्राणूंशिवाय फलन नाही हे दाखवलं. आता द्रव मागे पडला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. आयुर्वेदात शुक्र हा सातवा, शेवटचा धातू. त्याला लोकसमजुतीत, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, असा हिशेब जोडला गेला आणि कित्येक तरुण ‘धातू जातो’ या धास्तीत जगले. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या भीतीला उघडपणे उत्तरं दिली. ती धिटाई आजही मोलाची वाटते.

द्रवाकडे पुन्हा गांभीर्याने पाहिलं गेलं ते विसाव्या शतकात. 1930 च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यातल्या एका प्रभावी पदार्थाला ‘प्रोस्टाग्लँडिन’ नाव दिलं. तो प्रोस्टेटमधून येतो अशी तेव्हाची समजूत होती. पुढे कळलं की तो मुख्यतः शुक्राशयांतून येतो. नाव मात्र तेच राहिलं. स्त्रीच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती शुक्राणूंना परकं समजून तुटून पडू नये, यासाठी तो तिला थोडी शांत करतो.

1946 मध्ये केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी दाखवलं की वीर्यातली साखर म्हणजे फळांमधली फ्रुक्टोज. ती शुक्राशयांत तयार होते आणि शुक्राणूंचं इंधन बनते. वीर्यात शुक्राणूही नाहीत आणि फ्रुक्टोजही नाही, तर शुक्राशय नसावेत किंवा वीर्यनलिका बंद असावी, अशी शंका डॉक्टर आजही घेतात.

इतर कामंही हळूहळू उलगडली. योनीचा सामू 3.8 ते 4.5, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी, 7.2 च्या वरचं वीर्य ते आम्ल काही काळ मारून ठेवतं. काउपर ग्रंथींचा स्राव त्याआधीच मूत्रमार्गातला आम्लांश घालवतो आणि वाट ओली करतो. शुक्राशयांतल्या प्रथिनांमुळे वीर्य आधी घट्ट होतं, मग प्रोस्टेटमधलं पीएसए नावाचं प्रथिन ते 15 ते 30 मिनिटांत पातळ करतं. रक्ततपासणीत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पाहतात ते हेच पीएसए.

पण हा राखणदार द्रव शुक्राणूंना आवरूनही धरतो. ताजा शुक्राणू लगेच फलन करू शकत नाही; स्त्रीच्या प्रजननमार्गात काही तास गेल्यावरच त्याला ती क्षमता येते, हे 1951 मध्ये एम. सी. चँग आणि कॉलिन ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. 1957 मध्ये चँग यांनी सशांचे असे तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले, तेव्हा ती क्षमता परत गेली. म्हणूनच आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या, प्रयोगशाळेत अंड्याजवळ नेण्याआधी शुक्राणू धुऊन या द्रवातून वेगळे काढतात.