जुने अंक कोकणातून जालावर: थोडी पार्श्वभूमी

मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले. काढणारे बाळशास्त्री जांभेकर मात्र देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिकही त्यांनीच सुरू केले. रत्नागिरीचे वाचनालय ‘दर्पण’च्याही आधीचे, 1828 सालचे. पुढे सावंतवाडीला 1852 मध्ये, चिपळूणला 1864 मध्ये आणि वेंगुर्ल्याला 1871 मध्ये वाचनालये उभी राहिली. छापखाने मुंबई-पुण्यात आणि वाचक किनाऱ्यावर, असा हा मामला. त्यात पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे अंक हातात पडेपर्यंत शिळा झालेला असायचा. तरी वाचनालयाच्या टेबलावर त्याच्यासाठी नंबर लागत.

वाचून झाल्यावर अंकाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र कुणी फारसा मनावर घेतला नाही. पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक मिळतो. अंक वर्षअखेरीस रद्दीत जातो, हा शिरस्ता आजही अनेक ठिकाणी आहे. जे अंक टिकले ते कुणीतरी वर्षभराचे गठ्ठे बांधून घेतले म्हणून. बांधणाऱ्यानेही बऱ्याचदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली. आज तोच खंड स्कॅन होऊन पडद्यावर येतो तेव्हा लेख सगळे असतात. पण साबण कितीला होता, नाटक कुठल्या थिएटरात लागले होते, हे गेलेले असते. माझ्या मते हे नुकसान लेखांइतकेच मोठे आहे.

उरलेले काम कोकणच्या हवेने केले. वृत्तपत्री कागद मुळात आम्लधर्मी, पिवळा पडून तुकडे होणारा. त्यात दमट हवा, वाळवी आणि बांधणीच्या खळीवर ताव मारणारी कसर. पुराचा फटका निराळाच. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 आणि 2021 अशा दोन्ही जुलैंत पाणी शिरले.

म्हणूनच कोकणातल्या वाचकालाही जुना अंक बहुधा बाहेरच्या संग्रहात सापडतो. त्यामागे कायदा आहे. 1867 च्या कायद्याने मुद्रकांवर छापील मजकुराच्या प्रती सरकारजमा करण्याचे बंधन आले, तर प्रकाशकांना ठरावीक ग्रंथालयांकडे प्रती पाठवायला लावणाऱ्या 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याच्या कक्षेत 1956 पासून वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही आली. शंकर गणेश दाते यांच्या सूचीने मराठी नियतकालिकांचा माग लावून ठेवला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह, खरगपूर आयआयटीने उभे केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, इंटरनेट अर्काइव्ह हे सगळे त्यानंतरचे. गावचे वाचनालय इथे उपयोगी पडते ते संगणक, जोडणी आणि कुठे काय शोधायचे हे सांगणारा ग्रंथपाल यांमुळे.

शोधण्याचीही एक खुबी आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी बरेच अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकात ‘नाही’ शोधाल तर ‘नाहीं’ निसटू शकते. दोन्ही रूपे टाकून पाहावीत. झिजलेल्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरठशांची, छपाई तर संगणकाला नीट वाचताच येत नाही, तिथे पाने उलटण्याला पर्याय नाही.

चालू मासिकांचे डिजिटल अंक हा वेगळा व्यवहार. वर्गणी असेपर्यंतच ते दिसतात. छापील अंक निदान कपाटात तरी राहायचा. मधल्या काळातल्या, म्हणजे साधारण 1940 नंतरच्या दिवाळी अंकांची अडचण स्वामित्वहक्काची. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो आणि एका अंकात पंचवीस-तीस लेखक असतात. त्यातल्या एकाचाही हक्क शिल्लक असेल तर अख्खा अंक जालावर खुला करता येत नाही. असे अंक वाचायला अजूनही बांधीव खंड काढून मागावा लागतो.