किल्ल्यावरच्या बायका आणि बाहुलीचा रंग

नवरात्र उरकलं की कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात मूर्तींच्या जागी किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायच्या छोट्या बाहुल्या, मांडली जातात. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तोफेजवळचा गोलंदाज, ढाल-तलवारवाले मावळे, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, घागर घेऊन निघालेली गवळण, जात्यावर दळणारी बाई. पोरं उकिडवी बसून एकेक चित्र उचलून बघतात आणि घासाघीस आईबापांवर सोडतात.

त्यातलं एखादं चित्र आपणही हातात घेऊन बघावं. साचा दोन भागांचा असतो, त्यामुळे कानामागून खांद्यापर्यंत जोडाची बारीक रेघ दिसते. अंगाचा रंग सगळ्यांना एकाच डब्यातला, गुलाबीकडे झुकणारा. महाराज, मावळा, भाजीवाली, सगळे त्याच रंगाचे. मिशी, कुंकू, डोळे आखणीच्या वेळी येतात आणि तेवढ्यावरून कोण कोण ते ठरतं. सह्याद्रीच्या उन्हात आयुष्य काढलेला मावळा इतका गुलाबी कसा राहिला, हे विचारायचं नसतं. बायका बघाल तर सगळ्या कामाला जुंपलेल्या. कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात ताराराणी घोड्यावर बसलेल्या आहेत, सगळं गाव रोज त्यांच्यासमोरून ये-जा करतं. पण या चित्रांमध्ये घोड्यावरची बाई शोधावी लागते.

मुलांना यातलं काय कळतं? एवढीशी पोरं, त्यांना कुठला रंग आणि कुठला भेद, असं आपण धरून चालतो. संशोधन वेगळं सांगतं.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या कुटुंबांतल्या नवजात बाळांना आणि तीन महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या वंशांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या होत्या. बाळ बोलत नाही, म्हणून ते कोणत्या चेहऱ्याकडे किती वेळ बघतं हे मोजायचं. नवजात बाळं सगळीकडे सारखीच बघत होती. तीन महिन्यांची बाळं मात्र आपल्या माणसांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. म्हणजे हे जन्मजात नाही, सवयीचं आहे. पुढच्याच वर्षी इस्रायलमधून आलेल्या निष्कर्षांनी त्याला पुष्टी दिली. तिथे इथिओपियातून आलेल्या स्थलांतरितांच्या केंद्रात राहणाऱ्या बाळांना काळे आणि गोरे, दोन्ही चेहरे रोज दिसत, आणि त्यांचा कल कुठल्याच बाजूला नव्हता. ही नुसती नजरेची ओढ आहे, द्वेष नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण डोळ्यांना कशाची सवय लागते हे पाळण्यापासूनच ठरायला लागतं.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०११ चा आहे. गोऱ्या कुटुंबांतल्या सहा महिन्यांच्या बाळांच्या घरी चिनी चेहऱ्यांचं एक चित्रांचं पुस्तक दिलं आणि आईबापांना ते अधूनमधून बाळाला दाखवायला सांगितलं. एरवी नऊ महिन्यांपर्यंत बाळांना परक्या वंशाचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखणं जमेनासं होतं. हे पुस्तक बघितलेल्या बाळांना ते जमत राहिलं. कागदावरचे चेहरे एवढं करत असतील, तर रोज उशाशी घेऊन झोपायच्या बाहुलीचा चेहरा दुर्लक्षून कसं चालेल?

बाहुल्यांवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र बाळांवरचा नाही. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या. चारही एकसारख्या, कमरेला फक्त लंगोट. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. प्रश्न साधे होते: तुला खेळायला कुठली आवडेल ती दे, चांगली दिसते ती दे, वाईट दिसते ती दे, आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. निम्म्याहून जास्त मुलांनी ‘वाईट दिसणारी’ म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली. मग शेवटचा प्रश्न आला की काही मुलं रडायला लागली.

१९४७ साली हे निष्कर्ष छापून आले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. (कोल्हापूरकरांना इथे थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यायचा हुकूम शाहू महाराजांनी १९१९ सालीच काढला होता, आणि त्यासाठी त्यांना बाहुल्यांचा प्रयोग लागला नाही.)

पण हा प्रयोग जसा सांगितला जातो तितका सरळ नाही. मुलांना चारांतून एक निवडायलाच भाग पाडलं होतं. ‘दोन्ही आवडतात’ असं म्हणायची सोय नव्हती. दुसरं म्हणजे, दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा उत्तरेतल्या मिश्र शाळांतल्या मुलांनी गोरी बाहुली थोडी जास्तच मागितली होती. म्हणजे दोष एकट्या शाळेच्या भिंतीचा नव्हता. मुलं बाहुलीकडे बघून घराबाहेरच्या जगाचा भाव सांगत होती. आपल्याकडे तो भाव कळायला प्रयोगशाळा लागत नाही. गोरेपणाच्या ज्या क्रीमने १९७५ पासून घराघरांत जागा केली, तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० उजाडलं, आणि बारशाला आलेल्या बायका अजूनही पहिल्यांदा ‘रंग कुणावर गेलाय?’ हेच विचारतात.

रंगाइतकाच अंगकाठीचा प्रश्न आहे. बार्बी १९५९ साली आली. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिची मापं माणसाच्या उंचीला ताणून बघितली, तर तशी बाई लाखात एकही सापडायची मारामार. २००६ साली इंग्लंडमध्ये पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींवर प्रयोग झाला. काहींना बार्बीची चित्रं असलेली गोष्ट दाखवली, काहींना अंगाने भरलेल्या बाहुलीची, काहींना बाहुलीच नसलेली. बार्बी बघितलेल्या लहान मुलींना आपलं अंग कमी आवडायला लागलं, बारीक व्हावंसं वाटायला लागलं. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींवर मात्र हा परिणाम दिसला नाही.

मग बार्बीला डॉक्टर केलं की भागतं का? २०१४ साली अमेरिकेत चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींना पाच मिनिटं खेळायला दिलं. कुणाला झगमगीत कपड्यांतली बार्बी, कुणाला डॉक्टर बार्बी, कुणाला बटाट्याच्या आकाराची एक बाहुली. नंतर वेगवेगळी कामं दाखवून विचारलं, मोठेपणी यातली कुठली कामं तू करू शकशील आणि कुठली एखादा मुलगा करू शकेल? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मुलांपेक्षा स्वतःला कमी कामं दिली. डॉक्टरच्या कोटाने काही फरक पडला नाही. बटाट्याशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरात ही तफावत जवळजवळ नव्हती. ३७ हा आकडा लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण कोट बदलला तरी आतली बाहुली तीच राहते, एवढं त्यातून दिसतं.

कंपन्यांनाही हे हळूहळूच उमगलं. १९६७ साली बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने फ्रान्सी नावाची कृष्णवर्णीय बाहुली काढली, ती गोऱ्या फ्रान्सीच्याच साच्यातून, फक्त रंग बदलून. १९९७ साली व्हीलचेअरवरची बेकी आली आणि बार्बीच्या घरातल्या लिफ्टमध्ये तिची खुर्चीच मावेना. घर बदलण्याऐवजी पुढे बेकीच बंद झाली! त्या मानाने २०२३ सालची डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जादा असण्याची अवस्था) असलेली बार्बी विचार करून घडवलेली आहे. चेहरा गोलसर, कान लहान, तळहातावर एकच रेषा, पायात आधाराच्या पट्ट्या, आणि गळ्यातल्या पदकावर तीन बाणाकृती रेघा, एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रतींसाठी. ठोकळ्यांची खेळणी करणाऱ्या लेगोने दुसरी वाट धरली होती. १९७८ पासून त्यांची माणसं पिवळीधमक, म्हणजे कुणाचीच नाहीत आणि सगळ्यांची. खऱ्या माणसांचे रंग त्यांनी २००३ पासून आणले.

एवढं असूनही, वेगळी दिसणारी एक बाहुली आणून दिली की मूल समजूतदार होतं, असं काही नाही. माझ्या मते बाहुलीपेक्षा जास्त वजन तिच्याबरोबर येणाऱ्या वाक्याला असतं. १९८६ सालच्या एका प्रयोगात चार ते नऊ वर्षांच्या मुलांना अनोळखी वस्तू भरलेल्या पेट्या दिल्या. एकीवर ‘मुलांचं’, दुसरीवर ‘मुलींचं’, तिसरीवर ‘दोघांचं’. कुठल्या वस्तू कुठल्या पेटीत, हे मुळात मनाला येईल तसं ठरवलेलं. तरी मुलांनी दुसऱ्यांच्या पेटीतल्या वस्तूंना कमी हात लावला आणि आठवड्यानंतर त्यांच्याबद्दल त्यांना आठवलंही कमी. मुलांची समज तीच, वस्तूही तशाच. नुसत्या चिठ्ठीने एक दार बंद केलं. महाद्वार रोडवरच्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात ‘मुलगा आहे का मुलगी?’ हा पहिला प्रश्न असतो. तो विचारणारा दुकानदार वाईट नसतो, त्याला फक्त कुठलं कपाट उघडायचं ते हवं असतं.

कार्डिफ विद्यापीठात २०२० साली मेंदूच्या मोजणीतून दिसलं, की मूल एकटं बाहुलीशी खेळत असलं तरी दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेताना जो भाग कामाला लागतो तोच भाग जागा होतो. टॅबलेटवर एकट्याने खेळताना तो तेवढा होत नाही. या कामाला पैसा बार्बीच्याच कंपनीचा होता, तेव्हा जरा जपूनच वाचावं. पण तिथे मुलं आणि मुली दोघांच्या बाबतीत हेच दिसलं, ही गोष्ट ‘बाहुली काय खेळतोस, मुलगी आहेस का?’ म्हणणाऱ्या काकांनी जरूर वाचावी.

प्लॅस्टिकच्या बाहुलीचा नवा चेहरा काढायचा तर धातूचा साचा लागतो आणि त्याचा खर्च लाखांत जातो, म्हणून जगभर तोच चेहरा वर्षानुवर्षं विकला जातो. कुंभार गल्लीतला साचा प्लॅस्टरचा किंवा रबराचा, घरच्या घरी होणारा. रंगाचा दुसरा डबा उघडायला तर काहीच लागत नाही. दिवाळीला लाल मातीत शड्डू ठोकणारी पैलवान पोरगी किंवा घोड्यावरची ताराराणी हवी असेल, तर ऑर्डर श्रावणाआधी द्यावी लागेल. एकदा गणपतीचं काम अंगावर आलं की कारागिराला मान वर करायला फुरसत नसते.