एल्क माणसाला इतकं जवळ का येऊ देतात?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं छोटं गाव आहे. गावाची उत्तरेकडची घरं संपली की लगेच नॅशनल एल्क रेफ्यूज हे अभयारण्य लागतं. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं गवताळ माळरान आणि भोवती डोंगर. हिवाळ्यात यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांच्या उंच भागांतून हजारो एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, इथे उतरतात. डिसेंबरच्या मध्यापासून पर्यटकांसाठी घोड्यांच्या स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्या, सुरू होतात. माणसं पांघरुणं गुंडाळून बसतात आणि गाडी थेट कळपात शिरते. तीनशेहून अधिक किलोचा नर अगदी काही मीटरवर रवंथ करत बसलेला असतो. गाडीतून उतरायला मात्र सक्त मनाई!

उतरलात तर हेच जनावर उठून चालू लागेल. स्लेज आणि घोडे त्यांच्या ओळखीचे आहेत. पूर्वी याच माळावर घोड्यांच्या स्लेजमधून त्यांना गवत टाकलं जायचं. पायी येणारा माणूस म्हणजे शिकारी, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तरीही हा निवांतपणा निव्वळ सवयीचा नाही. जॅक्सनची उंची सुमारे 1,900 मीटर, आणि थंडीत पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फाखालच्या वाळक्या गवतात प्रथिनं फार कमी असतात, त्यामुळे एल्क बराचसा हिवाळा शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर काढतात. खोल बर्फातून धावणं म्हणजे त्या साठ्याची उधळपट्टी. म्हणून ते शक्यतो हलतच नाहीत. अंगावर लांब राठ केसांचा एक थर, त्याखाली दाट मऊ लोकर. हे आवरण उष्णता इतकी चोख अडवतं की पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. पोटात चारा आंबवणारे सूक्ष्मजीवही थोडी ऊब देतात.

हिवाळ्यात इथे नरांची शिंगंही पाहायला मिळतात. ज्यासाठी ती उगवली, ती माद्यांवरून होणारी झुंज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच संपलेली असते. तरी मार्च-एप्रिलपर्यंत ती डोक्यावर राहतात, मग गळतात आणि लगोलग नवी फुटू लागतात. आपल्या सांबर-चितळांसारखीच ही भरीव हाडाची शिंगं. गाय-बैलांसारखी कायमची नव्हेत. भर मोसमात ती दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वाढू शकतात. एवढं कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून शरीर ते काही काळ स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतं. मला तरी शिंगांच्या आकारापेक्षा ही उधारी जास्त अचंबित करते. गळलेली शिंगं बॉय स्काउट मुलं गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो. जॅक्सनच्या चौकातल्या चारही कमानी अशाच शिंगांच्या आहेत.

आता थोडी अडचणीची गोष्ट. एल्कना हिवाळ्यात जिथे उतरायचं असे, त्याच दरीत माणसांनी गाव वसवलं, कुरणं कुंपणात घातली. 1910 च्या आगेमागे आलेल्या कडक हिवाळ्यांत हजारो एल्क उपाशी मेले. स्टीफन लीक या स्थानिक छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रं देशभर दाखवली आणि 1912 मध्ये हे अभयारण्य स्थापन झालं. तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यांत एल्कना चारा घातला जातो. आधी वाळलेलं गवत होतं. 1970 च्या दशकापासून लसूणघासाच्या कांड्या देतात.

चाऱ्यामुळे जीव वाचले, पण दाटीही झाली. दुष्काळात आपल्याकडे चारा छावणी उभी राहिली की पशुवैद्यकांचं पहिलं लक्ष लाळ्या-खुरकुतावर असतं. इथली चिंता त्याच जातीची आहे. ब्रुसेलोसिस हा जिवाणूमुळे गर्भपात घडवणारा रोग. गर्भपात झालेल्या जागी इतर माद्या हुंगायला, चाटायला येतात आणि लागण पसरते. दाटी जितकी जास्त, तितक्या माद्या तिथे पोचतात. त्याहून भीतीदायक आहे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो ना जिवाणूचा, ना विषाणूचा. प्रायॉन नावाचं घडी बिघडलेलं प्रथिन मेंदूतल्या चांगल्या प्रथिनांनाही बिघडवत जातं. जनावर हडकतं, भेलकांडतं, शेवटी मरतं. लस नाही, उपचार नाही. प्रायॉन लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून मातीत उतरतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. डिसेंबर 2020 मध्ये शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानातल्या एका एल्कमध्ये हा रोग सापडला. त्याच त्या माळावर दरवर्षी हजारो तोंडांनी चरायचं, याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

मग चारा बंद का करत नाहीत? एका फटक्यात बंद केला तर उपाशी एल्क पशुपालकांच्या गवताच्या गंजींवर तुटून पडतील, गुरांत मिसळतील आणि बरेच मरतीलही. 2007 च्या आराखड्याने अभयारण्यात पाच हजार एल्क हे उद्दिष्ट ठेवलं. प्रत्यक्षात संख्या बहुधा त्याहून बरीच जास्त असते. माझ्या मते चारा कमी व्हायलाच हवा, पण घाईने नाही. हिवाळ्यात कुठे जायचं हे पिल्लं आईच्या मागे चालून शिकतात, आणि इथल्या कित्येक पिढ्या याच माळाची वाट शिकल्या आहेत. म्हणून नंतरच्या योजनेत भर होता तो चारा उशिरा सुरू करण्यावर: डोंगरउतारांवर खायला आहे तोवर त्यांनी तिथेच पांगून राहावं, एवढ्यासाठी.