अंगणवाडी ताईंना प्रशिक्षण कशाला?

‘खिचडी वाटायची, पोरं सांभाळायची, त्याला प्रशिक्षण कशाला?’ हे वाक्य गावोगावी वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून चालतात आणि तिच्या सहा सेवांपैकी एक आहे पूर्वप्राथमिक शिक्षण. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बालशिक्षणाबरोबर सेविकाही घडवल्या.

शिकलेली ताई तीन-चार वर्षांच्या मुलाला लगेच पेन्सिल देत नाही. ती ताटलीत चिंचोके आणि मोठे मणी मिसळते, समोर बसते. मूल चिमटीने एकेक उचलून वेगळं करतं. त्याच चिमटीत पुढे पेन्सिल नीट बसते. पालकांना वाटतं, नुसता खेळ चाललाय!

दुसरा गैरसमज म्हणजे कमी शिकलेल्या सेविकेला पुढची वाट नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. तीही काम सांभाळून, मोबाइल-टीव्हीच्या मदतीने. २०२३पासून केंद्र सरकारच्या ‘पोषण भी पढाई भी’ या उपक्रमाखाली सेविकांची प्रशिक्षणं सुरू झाली आहेत. ताई प्रशिक्षणाला गेली की ‘सुट्टीवर गेली’ म्हणणं आता तरी थांबवा.