समुद्र निरीक्षणाची फेलोशिप: अर्जाआधी यजमान शोधा

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. या खाडीच्या पाण्यावर, चिखलावर, प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) काम करणारी बरीच मुलं-मुली ठाणे-नवी मुंबईत एमएस्सी, पीएचडी करताहेत. विकसनशील देशांतल्या नव्या संशोधकांना परदेशातल्या समुद्रविज्ञान संस्थेत शिकायला पाठवणारी फेलोशिप आहे, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

‘पोगो’ ही समुद्र निरीक्षण करणाऱ्या संस्थांची १९९९ मध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना. ‘स्कॉर’ ही समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती त्याहून जुनी, १९५७ ची. दोघी मिळून ही फेलोशिप देतात. मुदत एक ते तीन महिने. विमानाचं जाण्या-येण्याचं भाडं आणि तिथल्या राहण्या-जेवण्यासाठी मदत मिळते.

पात्रता सरळ आहे. विकसनशील देशातल्या संस्थेत तुम्ही नोकरीला किंवा पीएचडीला असायला हवं, आणि प्रशिक्षणानंतर तिथेच परतायला हवं. पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे) आणि तंत्रज्ञही अर्ज करू शकतात. नुसती एमएस्सी झाली आहे आणि कुठल्याच संस्थेत नाही, अशांनी आधी प्रकल्प सहायक म्हणून कुठेतरी रुजू व्हावं.

बहुतेकांचं अडतं ते यजमान संस्थेच्या, म्हणजे जिथे शिकायला जायचं त्या परदेशी संस्थेच्या, होकाराच्या पत्रापाशी. जाहिरात आल्यावर शास्त्रज्ञ शोधायला निघालात तर उशीर होतो. चार-पाच महिने आधी ईमेल करा, आणि त्यात स्वतःच्या कौतुकापेक्षा तुमचा प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, उपग्रह पाण्याच्या रंगावरून त्यातल्या वनस्पती-प्लवकांचं हरितद्रव्य मोजतो. आपल्या खाडीत भरती-ओहोटीने गाळ सतत ढवळला जातो, त्यामुळे खुल्या समुद्रासाठी बनवलेलं गणित इथे चुकतं. ‘माझ्याकडे ऐरोली ते वाशी पट्ट्यातले दोन वर्षांचे नमुने आहेत, गढूळ पाण्यासाठी हे गणित कसं दुरुस्त करायचं ते मला तुमच्याकडे आठ आठवड्यांत शिकायचं आहे.’ असं नेमकं लिहिलेल्या ईमेलला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त. होकार आला की प्रयोगशाळेचं शुल्क आणि रसायनांचा खर्च कोण करणार, हेही पत्रात लिहून घ्या.

बाकी कागदपत्रं म्हणजे अर्ज, बायोडेटा, कामाचा आराखडा, प्रवासखर्चाचा अंदाज आणि तुमच्या गाइडचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र. ‘विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ एवढ्यावर हे शेवटचं पत्र आटोपू देऊ नका. परत आल्यावर ही पद्धत विभागात कशी वापरली जाईल, आणखी किती जणांना शिकवली जाईल, हे त्यात आलंच पाहिजे. अर्ज तोलताना मायदेशातल्या संस्थेला होणारा फायदा पाहिला जातो.

परदेशी जाणं लगेच जमण्यासारखं नसेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेतलं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पाहा. आर्गो तरंडे (समुद्रात सोडलेली, पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारी उपकरणं), सागरी माहितीचं विश्लेषण असे छोटे अभ्यासक्रम तिथे होतात, आणि पुढच्या अर्जात ते उपयोगी पडतात.

पासपोर्टचं काम निवडीची वाट न पाहता उरकून घ्या. ठाण्यात वागळे इस्टेटला सेवा केंद्र आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध लागतो, आणि त्या व्हिसावर ९० दिवसच राहता येतं. पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा लग्नानंतर नाव बदललेलं, असं असेल तर अर्जात, यजमानाच्या पत्रात आणि तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव लिहा, आणि नावबदलाचा पुरावा सोबत ठेवा.