चरा वेगळा, तडा वेगळा

स्मार्टवॉच घेताना ‘काच मजबूत आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्या ‘मजबूत’ शब्दात दोन निराळे गुण कोंबलेले असतात. काचेवर चरा न उठणं हा एक आणि आपटल्यावर काच न फुटणं हा दुसरा. माझ्या घड्याळाच्या सफायर काचेनं दोन वर्षांत अंगावर एक रेघ उठू दिली नाही. मग एके दिवशी दाराच्या कडीला तिचा कोपरा टक्कन लागला. आवाजसुद्धा मोठा नव्हता, पण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा गेला. दोन वर्षं मी जिला मजबूत समजत होतो, ती नुसती टणक होती.

टणकपणाचं गणित सोपं आहे. १८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं दहा खनिजं ओळीनं लावली. पहिलं शंखजिरं, दहावा हिरा, आणि नियम एवढाच की वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं. साधी काच साडेपाचच्या आसपास येते. खिशातली किल्ली बहुधा त्याहून मऊ असते, त्यामुळे किल्लीला आपण उगाच घाबरतो. घाबरायचं ते धुळीला. धुळीत आणि वाळूत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा क्रमांक ७. धूळ बसलेली काच शर्टाच्या बाहीनं खसाखसा पुसली की आपणच तिला पॉलिश पेपर लावत असतो.

नीलम आणि माणिक ज्या कुरुंदाचे प्रकार, त्याच कुरुंदाचा रंग नसलेला स्फटिक म्हणजे घड्याळाची सफायर काच. तिचा क्रमांक ९. हा स्फटिक खाणीतून येत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्यूस्त व्हेर्नय यानं १९०२ मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम माणकं वाढवण्याची रीत जाहीर केली आणि तेव्हापासून असे स्फटिक कारखान्यात होऊ लागले. ते कापायलाही हिऱ्याचीच अवजारं लागतात. धूळ अशा काचेचं काय वाकडं करणार?

तरीही ‘सफायर असून चरा पडला’ अशी तक्रार ऐकू येते. ती नेहमीच खोटी नसते. सफायर प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ८ टक्के प्रकाश परत फेकतो, साधी काच ४ टक्के. उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून काही सफायर काचांवर परावर्तन कमी करणारा पातळ लेप देतात आणि तो लेप काही सफायरइतका टणक नसतो. चरा पडतो तो बरेचदा लेपावर. कधी कधी तर तो चराच नसतो. भिंतीचा रंग किंवा जिममधल्या दांड्याचा मऊ धातू काचेवर घासून करडा पट्टा उमटलेला असतो, कागदावर पेन्सिल उमटते तसा. ओल्या कापडानं किंवा साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून पाहा. गेला तर तो पट्टा होता.

तड्याची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त मजेची. काच हिशेबानं जितकी ताकदवान असायला हवी, त्याच्या कितीतरी आधी ती फुटते. का, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ मध्ये दिलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच. काच वाकली की सगळा ताण त्या चिरांच्या टोकांशी एकवटतो. धातू अशा वेळी जरासा वाहतो, वाकतो, ताण पसरवतो. काचेला ती सोयच नाही. चीर एका मर्यादेपलीकडे गेली की पुढचं काम ती स्वतःच करते. ही चीर रोखण्याच्या गुणाला चिवटपणा म्हणू या. सफायर टणक आहे, पण चिवट नाही.

चिवटपणा वाढवण्याची युक्ती रासायनिक आहे. गोरिला ग्लास किंवा ॲपलची आयन-एक्स यांसारख्या काचा तयार झाल्यावर पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, साधारण ४०० अंश सेल्सिअसला बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. तिघांच्या बाकावर तीन जाडजूड माणसं बसवावीत तसा पृष्ठभाग आतून दाटतो. आता चिरेला उघडायचं असेल तर आधी हा दाब मोडावा लागतो. सफायरमध्ये सोडियमच नाही, त्यामुळे हा उपाय त्याच्यावर चालत नाही. उलट रसायनानं बळकट केलेली काच टणकपणात ७ च्या आसपास किंवा खालीच राहते, म्हणजे वाळूपुढे तिचं काही खरं नसतं.

चिवटपणाचं टोकाचं उदाहरण १९६९ साली चंद्रावर गेलेल्या घड्याळाचं. ओमेगाच्या त्या स्पीडमास्टरवर काच नव्हतीच, ॲक्रिलिक प्लास्टिक होतं. नखानं नाही, तरी जरा कशानंही चरे पडतील असं. पण ते आपटलं तर तुकडे होऊन केबिनभर तरंगत फिरत नाही.

म्हणून घड्याळ घेताना आपला हात दिवसभर कशाला लागतो ते आधी आठवावं. माती, रेती, सिमेंट, खडक यांत काम असेल तर सफायर. हात सतत दारांना, यंत्रांना, वजनांना आपटत असेल तर रसायनानं बळकट केलेली काच बरी. त्याहून महत्त्वाची असते ती काचेभोवतीची उंच कड, कारण घाव बहुतेक वेळा कोपऱ्यावरच बसतो. २०२२ च्या ॲपल वॉच अल्ट्रामध्ये सफायर सपाट ठेवून भोवती टायटॅनियमची कड वर काढली, ती यासाठीच. ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ या अक्षरांनी मात्र भुलू नका. ती अमेरिकी लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे, कोणती चाचणी करायची ते कंपनीच निवडते.

चरा आणि तडा अगदी अनोळखीही नाहीत. खोल चरा बळकट केलेल्या काचेतला दाबाचा पातळ थर भेदून खाली गेला की तो पुढच्या तड्याची आयती सुरुवात होतो. वर्षभर चरे झेललेली काच किरकोळ आपटीत फुटते ती यामुळे. स्क्रीन गार्डचा खरा उपयोग इथे आहे. तो मोठा आघात फारसा थोपवत नाही, पण चरे स्वतःवर घेतो.

झालंच नुकसान, तर आधी ओळखावं. तिरप्या उजेडात धरून रेघेवरून नख फिरवा. अडकलं नाही, तर ते दिसण्यापुरतं दुखणं आहे, सोडून द्या. टूथपेस्टनं घासायचा मोह टाळा. बोटांचे डाग न धरणारा लेप त्यात निघून जातो आणि काच धुरकट होते.

तड्याला मात्र सोडून देता येत नाही. स्क्रीन चालू आहे, टच चालतोय, म्हणून आपण तसंच वापरत राहतो. पण केसाएवढा तडा गेला तरी पाण्यापासूनचं संरक्षण संपलं असंच धरायचं, मग पाठीवर ५० मीटर छापलेलं असो. घामसुद्धा आत झिरपतो. शिवाय ओलाव्यानं तड्याच्या टोकाशी काचेतले बंध हळूहळू सुटत जातात, म्हणून पुन्हा न आपटताही तडा पुढे सरकतो. दुरुस्ती होईपर्यंत वर पारदर्शक टेप, आंघोळीला घड्याळ बाहेर, आणि डेटा लगेच फोनवर. घड्याळात पैसे भरण्याचं कार्ड असेल तर तेही काढून टाका.

दुरुस्तीचा खर्च ऐकून धक्का बसतो, कारण बहुतेक घड्याळांत काच, टच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच बदलणं अवघड, म्हणून अख्खा भाग किंवा अख्खं घड्याळच बदलतात. आपटून गेलेला तडा वॉरंटीत सहसा बसत नाही. दुरुस्त करून देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: नवं सील बसवल्यावर दाबाची चाचणी केली का? नसेल, तर घड्याळ पाण्याबाहेरच ठेवायचं.

आणि घड्याळ कुठेच आपटलं नसताना काच तडकली किंवा एका कडेनं उचलली गेली, तर दोष काचेचा नसण्याचीच शक्यता जास्त. आतली बॅटरी फुगून तिला वर ढकलत असते. अशी काच अंगठ्यानं दाबून बसवू नका. चार्जर काढा, घड्याळ बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला देताना ‘बॅटरी फुगली आहे’ असं आधी सांगा. असा बिघाड वॉरंटीत बसू शकतो, त्यामुळे देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.